डॉ. कोटणिसांचा पुत्र : चित्रपट आणि इतिहास

सोलापुरांत १० ऑक्टोबर १९१० रोजीं जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांचें पुस्तक १९४४ सालीं निघालें. त्याच्या आधारें व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. त्याच्या अखेरीस विधवा पत्नी तान्ह्या मुलास घेऊन सोलापूरच्या घरीं येते. प्रसंग हृदयस्पर्शी खरा. पण इतिहासाच्या कसोटीस तो उतरतो काय, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

निर्विवाद गोष्टी अशा. १९३८ सालीं काँग्रेसनें चीनला धाडलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांत कोटणीस होते. १९४१ सालीं ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांति रुग्णालयाचे प्रमुख झाले व त्याच वर्षीं क्वो छिंगलान यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट १९४२ मध्यें पुत्र झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजीं कोटणीस निवर्तले. बाई चीनमध्येंच राहिल्या व मुलगा तिकडेच वाढला. अर्थात् पडद्यावरील तें आगमन कल्पित होय.

कलावंतास एवढी मोकळीक आम्ही खुषीनें देतों. आमचा आक्षेप आहे तो पडद्यावरचा प्रसंग पुरावा म्हणून सांगणारांवर. बखरकाराचें वर्णन कितीहि रसाळ असलें तरी समकालीन नाण्यापुढें तें फिकें पडतें. येथें तसें नाणें म्हणजे मुलाचें नांव. तें यिनहुआ : ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. दोन्ही कुळांची साक्ष त्या दोन अक्षरांत आहे.

चित्रपटानें मुलास पित्याच्या घरीं पोंचवून कथा पुरी केली. वस्तुस्थिति अपुरीच राहिली. ज्या पित्याचा सहवास जेमतेम साडेतीन महिने लाभला, त्याचीच विद्या यिनहुआनें पत्करली. आणि वैद्यकाचें शिक्षण पुरें होण्यापूर्वींच १९६७ सालीं तो वारला. पित्याचा शोध त्यानें वाटेनें नव्हे, विद्येनें घेतला, असें आम्हांस वाटतें. हें आमचें अनुमान आहे, पुरावा नव्हे. पण कल्पित गृहप्रवेशापेक्षां हें अपुरेपण आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. तें झांकणें म्हणजे त्या मुलाचें खरें आयुष्य पुसून टाकणें होय.

मातोश्री पुढें अनेकदां भारतांत येऊन गेल्या व २०१२ सालीं निवर्तल्या. सोलापुरांत कोटणिसांच्या घरीं आतां स्मारक आहे. त्या पथकासंबंधीं पत्रें वा छायाचित्रें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं तीं तारीखवार लावून त्यांच्या नकला करून ठेवाव्या, एवढीच विनंति.