लढवय्या लिंबूटिंबू का होतो?

लोणारच्या लवणासुराची गोष्ट आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगावी लागत नाही. असुर जमिनीखाली दडलेला. विष्णू देखण्या तरुणाच्या रूपात येतो, असुराच्या बहिणींकडून ठिकाण काढून घेतो आणि पायाच्या अंगठ्याने वरचं झाकण उडवतो. गेल्या पावसाळ्यात बुलढाण्यात घरीच चार पोरांना बसवून मी याच गोष्टीवर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून पात्रं वठवायच्या खेळाचा डाव लावला. सगळे पाचव्या लेव्हलचे, म्हणजे कागदावर बरोबरीचे.

विझार्डने, म्हणजे मांत्रिकाने, उडण्याचा मंत्र टाकला आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीच्या लोणारच्या विवरात तो अलगद उतरला. मग आगीचा गोळा: सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८, तेही आवाक्यातल्या प्रत्येक शत्रूला, ज्याने अंग चोरलं त्यालाही निम्मं. माझा भाचा फायटर, म्हणजे लढवय्या. त्याच्या तलवारीचे दोन्ही वार लागले तर जेमतेम १७, आणि तेही धापा टाकत उतार उतरल्यावर. "मामा, मंग मी काय करू?" त्याने विचारलं. लपंडावात धाकट्याला लिंबूटिंबू म्हणून घेतात, तसं त्याचं झालं होतं.

भाच्याचा प्रश्न या खेळाइतकाच जुना आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ काढला, तेव्हा पहिल्या लेव्हलच्या मांत्रिकाकडे एकच मंत्र असे. तो संपला की लढवय्याच्या पाठीमागे लपायचं. पुढे चोर आला. त्याला दुसरी लेव्हल अनुभवाच्या १२०० गुणांत मिळे, लढवय्याला २०००, मांत्रिकाला २५००. हिशेब ओबडधोबड होता, पण मांत्रिकाला ताकदीची किंमत मोजावी लागे. बहुतेक मांत्रिक लवकर मरत. जगला तो मात्र सगळ्यांच्या डोक्यावर बसे.

तिसऱ्या आवृत्तीने, २००० साली, सगळ्यांना गुणांचा एकच तक्ता दिला. मांत्रिकाची उधारी माफ झाली आणि पारडं जे कललं ते कललंच. २००८ची चौथी आवृत्ती उलट टोकाला गेली. प्रत्येक पात्राच्या करामती एकाच साच्यात: काही केव्हाही, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. गणित जमलं, पण सगळ्या भाज्या एकाच रश्श्यात शिजवल्यासारख्या लागतात, अशी ओरड झाली. मला ती आवृत्ती वाईट वाटत नाही. तिच्यात फायटरला करण्यासारखं काहीतरी होतं. लढाया मात्र संपता संपत नसत, हे खरं.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीने समतोल विश्रांतीत लपवला. खेळातल्या एका दिवसात सहा ते आठ चकमकी होतील, असं ते पुस्तक धरून चालतं. आमच्या तीन तासांच्या बैठकीत दोन झाल्या तरी खूप. मग विझार्ड मंत्र राखून कशाला ठेवील? सगळे उधळायचे आणि झोपायचं, सकाळी पोतडी पुन्हा भरलेली. २०२४च्या पुस्तकाने शस्त्रांना नवे डाव दिले, शत्रूला ढकलता येतं, आडवं पाडता येतं. चांगली सोय आहे, पण तीही लढाईपुरती.

दुखणं नुसतं घावांच्या बेरजेत नाहीच. एकाच शत्रूशी गाठ पडली तर फायटर मागे राहत नाही. पण विझार्ड कुलूप उघडतो, नदी ओलांडतो, अदृश्य होतो. फायटरपाशी सगळ्यावर उत्तर एकच, तलवार. 'आर्स मॅजिका' या दुसऱ्या खेळाने १९८७ सालीच ही विषमता उघड मान्य केली. मांत्रिक तिथे वरचढच, म्हणून खेळाडू पाळीपाळीने मांत्रिक होतात आणि एरवी त्याचे सोबती नाहीतर शिपाई. मला हा प्रामाणिकपणा भावतो.

पुढच्या बैठकीत मी नियमाला हात लावला नाही. लोणारला पूर्वी खार काढत, म्हणून भाच्याचा फायटर खार काढणाऱ्यांच्या घरातला ठरवला. उताराच्या वाटा त्याला पाठ, आणि बहिणी बोलल्या त्या त्याच्याशीच. विझार्डने मुक्कामाचा हट्ट धरला, तेव्हा मी असुराची माणसं काठावर आणली. मंत्र संपलेल्या विझार्डला मागे ठेवून झाकणापर्यंत पोचला तो भाचाच.

तेव्हा डाव लावणाऱ्यांनो, नवं पुस्तक घेण्याआधी एवढं करून बघा: विझार्डला दर चकमकीनंतर झोपू देऊ नका.