वाइनमधील ध्वनी-ड्रायव्हरचा वाद : एक चिकित्सा

विंडोजसाठी लिहिलेल्या आज्ञावली लिनक्सवर चालवून देणारा 'वाइन' हा मुक्तस्रोत प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला आणि त्याची १.० ही आवृत्ती २००८ च्या जूनमध्ये आली. मुक्तस्रोताविषयी मराठीत जे लिहिले गेले, ते बहुतांशी फाँट व लिपी यांपाशी थांबते. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपी वा आयएसएम यांवाचून मराठी मजकूर घडत नसल्याने ते स्वाभाविकही होते. ध्वनीचा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहिला. प्रस्तुत लेखात वाइनने पल्सऑडिओला थेट पाठबळ द्यावे की नाही, या २००७ ते २०१५ या काळातील वादाचा विचार केला आहे.

येथे 'ड्रायव्हर' म्हणजे साउंड कार्डचा ड्रायव्हर नव्हे. आज्ञावलीने विंडोजकडे मागितलेला ध्वनी लिनक्सच्या हवाली करणारा वाइनचा घटक, असा त्याचा अर्थ. लिनक्सवर ध्वनीचा मार्ग एक कधीच नव्हता. ओएसएस, अल्सा, ईसाउंड, आर्ट्स, जॅक, नॅस असे अनेक मार्ग होते आणि वाइनने प्रत्येकासाठी स्वतंत्र ड्रायव्हर बाळगला होता. त्यांपैकी काहींची निगा राखणारे कोणीच उरले नव्हते.

अशा स्थितीत फेडोरा ८ (नोव्हेंबर २००७) व उबुंटू ८.०४ (एप्रिल २००८) यांनी पल्सऑडिओ मूळ व्यवस्था म्हणून स्वीकारला. मार्टेन लँकहोर्स्ट यांनी त्यासाठी ड्रायव्हर लिहिला. पण मुख्य प्रकल्पाने तो घेतला नाही. पल्सऑडिओ एका जोडघटकाद्वारे अल्सासारखाच वागतो, तेव्हा अल्साचा ड्रायव्हर पुरेसा आहे, असा प्रतिपक्ष होता. काही लिनक्स वितरणांनी मग तो ड्रायव्हर आपल्या जबाबदारीवर जोडून दिला.

हा युक्तिवाद कागदावर निर्दोष आहे, व्यवहारात तोकडा. ध्वनी नेमका कोठवर वाजला, हे आज्ञावली सतत विचारत असते. ते उत्तर दोन मध्यस्थांतून येऊ लागले की वेळेचा हिशेब चुकतो आणि आवाज तुटतो, करकरतो. खेळात ही गैरसोय असते. भाषा शिकवणाऱ्या आज्ञावलीत तोच पाठाचा नाश असतो. डहाणू-तलासरी भागात घरी वारली बोलणारा विद्यार्थी इंग्रजीतील 'शिप' आणि 'शीप' यांतील भेद कानानेच शिकतो. स्वरच तुटका आला तर त्याने शिकावे काय? विंडोजच्या परवान्याचा खर्च वाचवू पाहणाऱ्या महाविद्यालयाला असा तुटका आवाज मुक्तस्रोतावर फुली मारण्यास पुरेसा ठरतो. ही किंमत मोजणारा वर्ग ड्रायव्हरच्या चर्चेत कोठेही नव्हता.

तरीही नकार देणाऱ्यांची बाजू हटवादाची म्हणून सोडून देता येत नाही. विंडोज व्हिस्टाने ध्वनीची रचनाच बदलली होती आणि वाइनचे जुने ड्रायव्हर त्या रचनेत बसत नव्हते. मोडकळीला आलेल्या घराला आणखी एक खोली जोडणे शहाणपणाचे नव्हते. अँड्र्यू आयकम यांच्या पुढाकाराने ध्वनीचा भाग नव्याने लिहिला गेला आणि मार्च २०१२ मधील १.४ या आवृत्तीत तो स्थिरावला. जॅक, नॅस व ईसाउंड यांचे ड्रायव्हर गेले. अल्सा, ओएसएस ४ आणि मॅकसाठीचा कोअरऑडिओ राहिले. जॅकवर विसंबणाऱ्या संगीतकारांना ही छाटणी जाचक होती, पण ती अटळ होती.

म्हणून २०१२ पर्यंतचा नकार समर्थनीय ठरतो. त्यानंतरची पावणेचार वर्षे मात्र तशी ठरत नाहीत. नवी चौकट तयार होती, ड्रायव्हर लिहिलेला होता, त्याचा वापरही होत होता. उरला होता तो केवळ 'अल्सा पुरेसा आहे' हा आग्रह. डिसेंबर २०१५ मधील १.८ या आवृत्तीत पल्सऑडिओचा ड्रायव्हर अखेर समाविष्ट झाला, तेव्हा तो आग्रह वाइननेच सोडला.

पुढे फेडोरा ३४ मध्ये (एप्रिल २०२१) पल्सऑडिओची जागा पाइपवायरने घेतली. पाइपवायरला पल्सऑडिओची संदेशभाषा समजते. त्यामुळे या स्थित्यंतरासाठी वाइनला नवा ड्रायव्हर लिहावा लागला नाही. इतकी वर्षे दाराबाहेर थांबवलेला ड्रायव्हरच तेथे उपयोगी पडला.