दार वर का उघडतं?

आज सौंदर्य आणि उपयोग या जुन्या जोडीकडे आपण एका मोटारीच्या दारातून बघू या. मोटार आहे मर्सिडीज-बेंझ ३०० एसएल, १९५४ सालची. तिची दारं पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडतात. तिच्याबद्दल एक गोष्ट हमखास ऐकू येते: हे सौंदर्य कुणी मुद्दाम सजवलेलं नाही, ते गरजेतून आलं, म्हणून ते खरं. माझा आक्षेप या ‘गरजे’वर आहे.

आधी सांगाडा समजून घेऊ. चार काड्या घ्या, टोकं सुतळीनं बांधा. चौकोन होतो, पण बाजूनं ढकलला की कलंडतो. काड्यांची लांबी तीच, आकार मात्र बदलला. आता समोरासमोरचे दोन कोपरे जोडणारी एक तिरकी काडी बांधा. झाले दोन त्रिकोण. आता एखादी काडी मोडल्याशिवाय आकार हलणार नाही. लाकडी फाटकाला मागून तिरकी पट्टी असते ना, ती याचसाठी.

हीच युक्ती लांबी, रुंदी आणि उंची अशी तिन्हीकडे वापरली की झाली स्पेस फ्रेम. भार सांध्यांवर आला तर प्रत्येक नळीला मुख्यतः ताण किंवा दाब सोसावा लागतो, वाकण्याची वेळ फारशी येत नाही. म्हणून बारीक, पातळ नळ्या पुरतात. रुडॉल्फ उलेनहाउट या अभियंत्यानं १९५२ च्या शर्यतीच्या गाडीसाठी असा सांगाडा आखला. त्याचं वजन साधारण ५० किलो. त्याच वर्षी त्या गाडीनं ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली.

पण त्रिकोणाचा एक हट्ट असतो: माझी काडी काढायची नाही. आणि दार म्हणजे काय, तर सांगाड्यात पाडलेली रिकामी जागाच की! बाजू मजबूत हव्यात, म्हणून त्या उंच ठेवल्या. नेहमीच्या दाराला जागा उरली नाही. मग बिजागऱ्या छतात गेल्या. शर्यतीच्या गाडीचा हाच सांगाड्याचा विचार १९५४ च्या विक्रीच्या गाडीत आला.

आता बघा, दाराचं काम काय? माणसाला आत-बाहेर जाऊ देणं. या गाडीत शिरायचं तर आधी उंच, रुंद कडेवर बसायचं, मग पाय आत ओढायचे. त्यासाठी स्टिअरिंगचं चाकसुद्धा खाली दुमडता येईल असं केलेलं. काचा खाली सरकत नाहीत, हवा हवी तर त्या काढूनच ठेवायच्या. म्हणजे हे रूप दाराच्या कामातून आलेलं नाही. सांगाड्याचं काम आणि दाराचं काम यांचं भांडण झालं, त्यात सांगाडा जिंकला. आपण ज्याला पंख म्हणतो, ती त्या भांडणाची खूण आहे.

तुम्ही म्हणाल, सर, दुसरा इलाजच नव्हता, यालाच गरज म्हणतात. तर १९५७ कडे बघा. त्या साली याच गाडीचं उघड्या छताचं रूप, रोडस्टर, आलं. सांगाडा नळ्यांचाच. फक्त बाजू खाली घेतल्या, गेलेली ताकद जादा तिरके आधार देऊन भरून काढली, आणि दारं चारचौघांसारखी बाजूला उघडू लागली. वजन वाढलं, हे खरं. पण इलाज होता! म्हणजे १९५४ चं दार ही अटळ गरज नव्हती, ती निवड होती. वजन की माणसाची सोय, यातली निवड.

ॲरिस्टॉटलनं आपल्याला प्रत्येक वस्तूला ‘कशासाठी?’ असं विचारायला शिकवलं. मी त्याला एक प्रश्न जोडीन: ‘कोणासाठी?’ शर्यतीतला चालक थोडी अडचण सोसतो, कारण हलकी गाडी त्यालाच हवी असते. तिथे ती निवड योग्य. पण गुडघे दुखणाऱ्या गिऱ्हाइकाला तीच गाडी विकली, की तोच सांगाडा वेगळा न्याय करतो.

पंखांच्या गाड्या १४०० झाल्या, रोडस्टर १८५८. तरी चित्रात आपण लावतो ती पंखांचीच. मलाही तीच देखणी वाटते, ते नाकारत नाही. देखणेपणाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती निवडीला गरज म्हणण्याला. कारण गरज म्हटलं की प्रश्न संपतो. निवड म्हटलं की ती करणाऱ्याला जाब विचारता येतो.

म्हणून एखाद्या वस्तूबद्दल किंवा इमारतीबद्दल ‘तिचं रूपच तिच्या कामातून आलंय’ असं कुणी सांगितलं, तर दोनच गोष्टी तपासा. कुठलं काम जिंकलं? आणि आत शिरताना वाकावं कोणाला लागतंय?

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.