‘यौ सम’ : प्रांजळपणाची साक्ष कोणाची?

प्रांजळपणाचा विचार करताना समीक्षेची दृष्टी बहुधा बोलणाऱ्यावर खिळलेली असते. लायनेल ट्रिलिंग यांनी १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिन्सिॲरिटी अँड ऑथेंटिसिटी’ या ग्रंथात उच्चारलेली भावना व प्रत्यक्षातील भावना यांच्या मेळाला प्रांजळपणा म्हटले. हाँगकाँग व ग्वांगडाँग परिसरातील कॅन्टोनीज भाषेचे वाक्प्रचार पाहिले की ही व्याख्या अपुरी वाटू लागते.

या भाषेतील ‘सम’ या शब्दात हृदय आणि मन दोन्ही सामावतात. लाडक्या मुलाला ‘सम कॉन तिंग’, म्हणजे हृदय-यकृताचा देठ, असे म्हणतात. आपल्या ‘काळीज’ या शब्दालाही यकृत व हृदय असे दोन्ही अर्थ असल्याने ‘काळजाचा तुकडा’ येथे सहज आठवतो. परंतु साम्य येथेच संपते. ‘मोउ सम कॉन’, म्हणजे हृदय-यकृत नसलेला, हे विशेषण विसराळू, कामात लक्ष नसलेल्या माणसालाही लागते. म्हणजे काळीज असणे हे दुसऱ्याकडे लक्ष असणेही आहे.

‘यौ सम’ हा प्रयोग या दृष्टीने विशेष महत्त्वाचा. शब्दशः अर्थ ‘हृदय आहे’. घरातील आजाऱ्याची कोणी चौकशी केली, तर चौकशी करणाऱ्याला हे उत्तर मिळते. येथे भावनेच्या खरेपणाची ग्वाही ती व्यक्त करणारा देत नाही. ज्याच्यापर्यंत ती पोचली तो देतो.

याउलट ‘फै फू ची यीन’, म्हणजे फुप्फुस-आतड्यांतून आलेले बोल, हा प्रयोग वक्ता स्वतःच्या बोलण्यालाही लावू शकतो. मात्र तो चिनी ग्रंथपरंपरेतील सामाईक ठेवा आहे. औपचारिक लेखन उत्तरेकडील बोलीवर आधारलेल्या प्रमाणभाषेत होत असल्याने तो तेथे सुखाने नांदतो. बोलीतील खास प्रयोगांना तेथे क्वचितच प्रवेश मिळतो. केवळ औपचारिक लेखनावरून या समाजाच्या भावाभिव्यक्तीचा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

अनुवादकाने ‘यौ सम’साठी ‘आभारी आहे’ असे लिहिले, तर शिष्टाचार उरेल, साक्ष हरवेल. ‘आठवणीने विचारलंत’ हे आपले घरगुती वाक्य त्याला अधिक जवळचे आहे. लेखकाच्या चरित्रात त्याच्या प्रांजळपणाचे पुरावे धुंडाळणाऱ्या समीक्षेनेही यातून एक प्रश्न स्वतःला विचारावा : कृतीतील भाव खरा असल्याचा निर्वाळा लेखकाचे आयुष्य देणार, की तो ज्याच्यापर्यंत पोचला तो वाचक?