झग्यावरची दोन कमळे

दुसऱ्या एलिझाबेथ राणीचा पांढऱ्या साटिनचा झगा जगाला ठाऊक आहे तो २ जून १९५३च्या राज्याभिषेकामुळे. मला मात्र तो उलगडतो त्यानंतरच्या प्रवासात. नोव्हेंबर १९५३ ते मे १९५४ असा राणीचा प्रदीर्घ राष्ट्रकुल दौरा झाला. बर्म्युडा, जमैका, फिजी, टोंगा, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, सिलोन, एडन, युगांडा, माल्टा, जिब्राल्टर. सामानात हा झगाही होता. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि सिलोन या तिन्ही देशांच्या संसदेत राणी तोच घालून गेली. राज्याभिषेकाच्या वेळी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत तो दिमाखाचा होता. दौऱ्यात तो बोलका झाला.

बोलतो तो भरतकामातून. शिवणारा नॉर्मन हार्टनेल. त्याने नऊ आराखडे दाखवले. राणीने आठवा पसंत केला, पण नुसत्या चंदेरी कामाऐवजी रंगीत रेशीम हवे म्हणाली. आणि ब्रिटनच्या फुलापानांसोबत राष्ट्रकुलातल्या देशांचीही चिन्हे आली. रूप साधेच आहे: अंगाबरोबर बसणारी चोळी, आखूड बाह्या, खाली फुललेला घेर. ही सारी नक्षी पेलण्यासाठी आतून घोड्याच्या केसांच्या ताठ कापडाचा आधार दिलेला. सोनेरी नळीदार मणी, चमकीचे खडे आणि मोती यांच्या ओळींनी घेराचे पट्टे आखले आहेत. त्या पट्ट्यांत ही बाग फुलली आहे.

आता जवळ जाऊन पाहू. इंग्लंडचा ट्यूडर गुलाब फिक्या गुलाबी रेशमाचा. स्कॉटलंडचे काटेरी थिसल फिक्या जांभळ्या रेशमाचे, त्यात अ‍ॅमेथिस्ट. वेल्ससाठी हार्टनेलच्या मनात डॅफोडिल होते. राजचिन्हांच्या जाणकाराने सांगितले, वेल्सचे चिन्ह लीक, म्हणजे कांद्याच्या जातीची भाजी. मग त्याने पांढऱ्या रेशमात लीक भरले आणि भाजीलाही दागिन्याचे रूप दिले. कॅनडाच्या मेपल पानाला सोनेरी कलाबतूची किनार, शिरा स्फटिकाच्या. न्यूझीलंडचा नेचा हिरव्या रेशमात, शिरा चांदीच्या. पाकिस्तानचा गहू, ताग आणि कापूस. ऑस्ट्रेलियाचे वॅटल पिवळेधमक. बाभळीच्या कुळातलेच झाड ते; आपल्या माळावरच्या बाभळीची पिवळी गोंडेदार फुले आठवा, म्हणजे ते डोळ्यांसमोर येईल.

आणि कमळ. हे दोनदा आहे, एकदा भारतासाठी, एकदा सिलोनसाठी. एकच फूल म्हणून एकदाच भरून दोघांच्या नावावर लावता आले असते. हार्टनेलने तसे केले नाही. भारताच्या कमळाच्या पाकळ्यांना शिंपल्याची झाक आहे, त्यात बारीक मोती आणि चमकीचे खडे. सिलोनच्या कमळात ओपल आहेत आणि मऊ हिरवे रेशीम. दोन देशांचे फूल एक असले, तरी देश दोन आहेत, हे सुईने जपलेले भान. १९५३ साली भारत प्रजासत्ताक होता. राणी त्याची राणी नव्हती, फक्त राष्ट्रकुलाची प्रमुख होती. तरी त्याचे कमळ कारागिराने तितक्याच निगुतीने भरले. एप्रिल १९५४मध्ये, कोलंबोच्या ऐन उन्हाळ्यात, तो जडशीळ झगा अंगावर वागवत राणी सिलोनच्या संसदेत गेली, तेव्हा समोरच्यांचे फूल तिच्या घेरावर होते.

पाहुणीने यजमानांची फुले अंगावर आणली, तशी यजमानांनीही ती परत दिली, हिऱ्यांत. १९५३च्या नाताळात ऑकलंडच्या महिलांनी तिला नेच्याच्या पानाचा हिऱ्यांचा ब्रूच दिला. पुढे ऑस्ट्रेलियाने वॅटलच्या डहाळीचा ब्रूच दिला, पिवळ्या आणि पांढऱ्या हिऱ्यांचा. झग्यावर वॅटल रेशमात होते, ब्रूचवर ते रत्नांत आले. याच दौऱ्यासाठी हार्टनेलने वॅटलच्या फुलांनी सजवलेला जाळीदार ट्यूलचा सोनपिवळा झगाही केला होता. विल्यम डार्गीने रंगवलेल्या राणीच्या व्यक्तिचित्रात तोच आहे. ऑस्ट्रेलियात ते ‘वॅटल चित्र’ म्हणूनच ओळखले जाते. आणि साठ वर्षांनी, २०१४मध्ये, नातसून केट वेलिंग्टनला उतरली तेव्हा तिच्या कोटावर ऑकलंडच्या महिलांचा तोच नेचा होता.

राजघराण्याच्या रत्नांची चर्चा बहुधा कॅरटांत आणि किमतीत होते. या दौऱ्याच्या पोशाखाचे मोल त्या मापात मावत नाही. अंगभर जडाव करणे पैशाने साधते. दुसऱ्याचे फूल नीट विचारून, चुकले तर सुधारून, त्याच्या त्याच्या रंगात भरणे अदबीने साधते. झग्याच्या डाव्या बाजूला, राणीचा हात सहज टेकेल अशा जागी, हार्टनेलने चार पानांचे एक शॅमरॉक, म्हणजे आयर्लंडचे एरवी तीन पानांचे चिन्ह, शुभशकुन म्हणून गुपचूप भरले होते. दुरून ते कोणालाच दिसणार नव्हते. तरीही ते तितकेच सुबक आहे. म्हणून मी या झग्याला राजवस्त्रांत फार वरचे स्थान देतो: त्यातला एकही टाका केवळ दिपवण्यासाठी घातलेला नाही.