चिमणीनंतरची वर्षे

सलीम अली यांचे ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे आत्मचरित्र १९८५ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ते नव्वदीला टेकले होते. व्यवसाय-मार्गदर्शनाच्या व्याख्यानांत यातला एकच प्रसंग हमखास सांगितला जातो. शाळकरी सलीमने छर्‍याच्या बंदुकीने चिमणी पाडली, तिच्या कंठावर पिवळा ठिपका दिसला आणि देशाला पक्षिशास्त्रज्ञ मिळाला! गोष्ट खरी आहे. पण एवढीच सांगितली तर दिशाभूल करणारी आहे.

पुस्तक नीट वाचले तर दिसते की, चिमणीपेक्षा महत्त्वाचे ठरले ते त्यानंतरचे. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलर्ड यांनी त्या मुलाला ‘तुला काय व्हायचे आहे?’ असे विचारत न बसता पक्षी ओळखून दिला, संग्रहातले पेंढा भरलेले पक्षी दाखवले, पुस्तके वाचायला दिली. पक्ष्याची कातडी कशी सोडवायची हेही त्याला तिथेच शिकायला मिळाले. आवड आधी होती आणि मिलर्डनी ती शोधून काढली, असे नाही. हाताला काम मिळाले, म्हणून ती वाढली. आपल्याकडे २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली गेली. ज्याने कधी भिंगातून काही पाहिलेच नाही, त्याचा कल प्रश्नावलीत कोठून उमटणार?

पुढची वर्षे तर व्याख्यानांत गाळलीच जातात. ब्रह्मदेशात घरचा खाण व लाकडाचा धंदा, मग मुंबईत व्यापारी कायदा व हिशेबाचे शिक्षण. विद्यापीठाची पदवी नाही, म्हणून झूऑलॉजिकल सर्व्हेतील जागा हुकली. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक-व्याख्यात्याची नोकरी लागली. बर्लिनला श्ट्रेसमान यांच्याकडे शिकून १९३० साली परत येतात, तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली! मग अलिबागजवळच्या किहीमला मुक्काम आणि तिथे सुगरण पक्ष्याचे निरीक्षण. नर अर्धवट घरटे विणतो, मादी ते तपासून पसंत करते, आणि ती अंड्यांवर बसली की नर दुसरे घरटे विणून दुसरी मादी मिळवतो. हे त्यांनी बेकारीच्या काळात शोधून काढले.

पुस्तकाची भाषा खेळकर आहे. मोटारसायकलींवरचे प्रेम तर पक्ष्यांइतकेच ओसंडते. (विद्यार्थ्यांना ती पाने नक्की आवडतील.) पण याच खेळकरपणामुळे एक गोष्ट निसटते. संस्थानांतील पक्षी-सर्वेक्षणांसाठी त्यांनी केवळ खर्च मागून विनावेतन काम करायची तयारी दाखवली. हे धाडस खरेच. परंतु मागे तय्यबजींसारखे सधन, सुशिक्षित आप्तकुल आणि तेहमिनांसारखी साथ होती. लेखक पत्नीविषयी कृतज्ञतेने लिहितात. आपल्या घराण्याच्या पाठबळाचा हिशेब मात्र ते मांडत नाहीत. ‘आवडेल तेच करा’ असा उपदेश कोरडवाहू शेतकर्‍याच्या मुलीला करताना शिक्षकाने हा हिशेब स्वतः मांडायला हवा. तिला आवडीइतकीच शिष्यवृत्तीची, वसतिगृहाची आणि पोट भागवणार्‍या पहिल्या नोकरीची माहिती लागते.

तरीही पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात असावेच. वर्गात वाचून दाखवायचे तर किहीमचा भाग आधी घ्यावा, चिमणीचा मागाहून.