अहिराणी बोलतो तो अहिर का?

धुळ्याच्या एका शिबिरात आपला एक पोरगा तावातावानं बोलत होता. ब्राह्मण आर्य, बाहेरून आलेले. आपण अनार्य, मूळनिवासी. देश आपला, ते परके. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. चहाच्या वेळी शिरपूरकडचा एक पावरा विद्यार्थी जवळ आला. म्हणाला, 'दादा, तुमी मूळनिवासी, मग आमी कोन?' मला उत्तर सुचलं नाही. हे टिपण त्यासाठी.

आधी 'आर्य' हा शब्द तपासू. युरोपातल्या पंडितांनी संस्कृत, फारसी, ग्रीक या भाषांचं नातं शोधलं आणि त्या कुळाला हे नाव दिलं. नाव भाषेचं होतं, लोकांनी ते रक्ताला चिकटवलं. खुद्द मॅक्स म्युल्लरनं १८८८ साली बजावलं की आर्य ही भाषा आहे, वंश नाही. खानदेशी माणसाला हे कळायला पोथी कशाला? अहिराणी हे नाव अहिरांवरून आलं. पण अमळनेर-साक्रीकडं अहिराणी बोलतो कोण? पाटील बोलतो, माळी बोलतो, बौद्धवाड्यातली म्हातारी बोलते, भिल बोलतो. म्हणून काय सगळे अहिर झाले? तोंडातल्या बोलीवरून अंगातलं रक्त ठरत नाही.

कुणी म्हणेल, फुल्यांनीच 'गुलामगिरी'त (१८७३) इराणातून आलेले भट आणि बळीराजा मांडला ना? मांडला. त्या काळी वरच्या जातीतले शिकलेले स्वतःच आर्य म्हणून इंग्रजांशी नातं सांगत होते. फुल्यांनी त्यांचीच तलवार त्यांच्यावर उलटवली. पण पुढं काय झालं ते बघा. १९४६ साली बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ फुल्यांना अर्पण केला आणि त्याच ग्रंथात आर्य वंशाचा सिद्धांत खोडून काढला. गुरूला वंदन करून गुरूचं मत बाजूला ठेवायला छाती लागते. दोन वर्षांनी अस्पृश्यांवरच्या ग्रंथात त्यांनी नाकाची मापं तपासून दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशानं वेगळे नाहीत.

आता विज्ञान काय म्हणतं? बाहेरून लोक आले, हे खरं. पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासात दिसलं की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी इथं सगळ्यांचीच सरमिसळ झाली. भिल आणि चांभारसुद्धा त्यातून सुटले नाहीत. मग ती मिसळ थांबली. लोक आपापल्या जातीत लग्नं करू लागले. जात म्हणजे बंदिस्त झालेलं लग्न, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियातल्या निबंधात सांगितलंच होतं. आपला शत्रू तो बंदिस्तपणा आहे, रक्त नाही.

कवितेत अनार्य, एकलव्य, शंबूक येऊ द्या. प्रतिमा म्हणून त्यांत ताकद आहे. पण प्रतिमेचा पुरावा करू नका. जो आधी आला त्याचाच हक्क, असं एकदा मान्य केलं की दाखला मागायची सोय आपणच करून देतो. उद्या तो दाखला आपल्याकडं मागतील. मुसलमानाकडं तर आजच मागतात. आणि ज्यांना 'आदिवासी' शब्द टोचतो, ते सातपुड्यातल्या माणसाला 'वनवासी' म्हणून मोकळे होतात. एका शब्दात त्याचं आधीपण गेलं, राहिलं फक्त जंगल. तेही वनखात्याच्या ताब्यात!

बाबासाहेब नागांबद्दल बोलले, हे मला माहीत आहे. नागांनी बुद्धाचा धम्म पसरवला, हा त्यांनी सांगितलेला इतिहास. पण नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांत रक्ताची अट कुठं आहे? सर्व माणसं समान आहेत, ही प्रतिज्ञा मात्र आहे.

तेव्हा त्या पावरा मित्राला माझं उत्तर असं: तू आदिवासी. हा शब्द तुझ्या लढ्याचा आहे, आमच्या भाषणातल्या टाळीसाठी तो आम्ही पळवणार नाही. आमचा हक्क आम्ही आधी आलो म्हणून नाही. आम्ही माणूस आहोत म्हणून आहे. तुझाही, आणि जो काल आला त्याचाही.

पुढच्या शिबिरात टाळी वाजवण्याआधी एवढं आठवा.

जयभीम.